विंटेज स्पोर्ट्स कार आणि आजची आलिशान मोटार

व्याख्या : ब्रिटिश संकेतानुसार १९१९ ते १९३० या काळात बनलेली मोटारच विंटेज ठरते, भारतात मात्र २०२१ च्या नियमदुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेल्या, मूळ रूप टिकवलेल्या दुचाकी-चारचाकी वाहनांना ही संज्ञा लागू होते.

क्रमांक : मूर्तिजापूरच्या मोटारीवर सामान्यतः अकोल्याचा ‘एमएच ३०’ हा संकेत असतो, तर विंटेज नोंदणीत जिल्ह्याच्या आकड्याऐवजी ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. ही नोंदणी १० वर्षे चालते.

यंत्र : १९५४ ची मर्सिडीज ३०० एसएल आणि २०२१ पासून पुण्याजवळ चाकणला जुळणी होऊ लागलेली एस ४५० या दोहोंत एका रांगेत सहा सिलिंडरांचे, सुमारे ३ लिटरचेच पेट्रोल इंजिन आहे, तरीही जुनीची शक्ती २१५ आणि नवीची ३६७ अश्वशक्ती, कारण नवीत टर्बोचार्जर, म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर इंजिनात अधिक हवा दाबणारी झोतचक्की, बसवलेली असते.

सांगाडा : जुनीचे पंखांसारखे वर उघडणारे दरवाजे ही निव्वळ शोभा नव्हती, वजन घटवण्यासाठी योजलेल्या नळ्यांच्या सांगाड्यामुळे उंबरठा इतका उंच झाला, की नेहमीचे दरवाजे बसवणे शक्यच नव्हते.