एका फारसी वाक्याची फोड

फारसी म्हटली की ती आपल्याला अगदी परकी वाटते. गेल्या वर्षापासून मी ग्रंथालयातले एक फारसी व्याकरण चाळतो आहे. त्यावरून वाटते की, एखादे साधे वाक्य उकलून पाहिले तर ही भाषा आपल्या शेजारचीच निघते. उदाहरणादाखल हे वाक्य घेऊ:

'पिदरम जमीन दारद.' अर्थात, माझ्या वडिलांना जमीन आहे.

क्रियापद मराठीप्रमाणेच शेवटी आले आहे. 'पिदर' म्हणजे वडील. संस्कृत 'पितृ' शब्दाचा हा भाऊबंद. इराणात आज त्याचा उच्चार 'पेदर' असा करतात. त्याला जोडलेला 'अम' म्हणजे 'माझा'. 'जमीन' समजावून सांगायला नको. फारसीत लिंगभेद नाही; म्हणून आईविषयी बोलतानाही 'मादरम जमीन दारद' असेच म्हणायचे.

वाक्याचा खरा प्राण 'दारद'. 'दाश्तन' म्हणजे जवळ असणे. त्याचे वर्तमानकाळी अंग 'दार' आणि तृतीयपुरुषी एकवचनाचा प्रत्यय 'अद'. माझ्याजवळ असेल तर 'दारम', आमच्याजवळ असेल तर 'दारीम'. गंमत अशी की, मराठी वाक्यात 'जमीन' कर्ता होते, तर फारसीत 'वडील' कर्ता होतात.

हाच 'दार' जमीनदार, दुकानदार, वतनदार या शब्दांत आहे. मराठीने तो इतका आपलासा केला की पाण्यालाही लावून 'पाणीदार' केले.

आता नकार पाहू. क्रियापदाआधी 'न' लावला की 'नदारद', म्हणजे 'जवळ नाही'. हिंदीत 'गायब' या अर्थी येणारा 'नदारद' तो हाच. आणि 'ना' अधिक 'दार' म्हणजे 'नादार': ज्याच्याजवळ काही नाही तो. गरीब विद्यार्थ्याच्या फीमाफीला आपल्याकडे 'नादारी' म्हणत आले, ते यावरूनच.

माझ्यापुरते खरे वाक्य 'पिदरम जमीन नदारद' हेच आहे. वडील दुसऱ्याच्या रानात मजुरी करतात. कॉलेजची पायरी चढणारा घरातला मी पहिलाच. माझ्या फीमाफीच्या अर्जावर वडिलांचा अंगठा आहे.

व्याकरण शिकून कोणाला जमीन मिळत नाही, हे मला कळते. पण 'नादार' हा शब्द आता पूर्वीसारखा टोचत नाही. त्याची फोड मला करता येते. त्यातले मूळ 'दार' आहे. 'ना' हा नुसता उपसर्ग, मागाहून जोडलेला.