मोहरी नाकात का जाते?

थंडीत दादर स्टेशनबाहेरच्या बाजारात मुळे पाल्यासकट मिळतात. मुळा घरी येतो आणि पाला पुष्कळदा भाजीवालीकडेच राहतो. राहू देऊ नका! कोवळा पाला धुऊन, निथळून, बारीक चिरा आणि घट्ट दह्यात त्याची कोशिंबीर करा. चिमूटभर साखर, वाटलेली हिरवी मिरची आणि फेसलेली मोहरी. मीठ मात्र पानं वाढताना, नाहीतर पाल्याला पाणी सुटतं आणि सगळं पचपचीत होतं.

आजची खरी गंमत मोहरीची. डब्यातली मोहरी मुठीत घेऊन हुंगा. वास येतो? फारसा नाही. आता चमचाभर मोहरी खलबत्त्यात कुटा, थोडं गार पाणी घाला आणि फेसत राहा. थोड्याच वेळात नाकात सणक, डोळ्यांत पाणी! मग हा झणका इतका वेळ लपला होता कुठे?

कुठेच नाही. तो आत्ता, तुमच्यासमोर तयार झाला. मोहरीच्या दाण्यात सिनिग्रिन नावाचा पदार्थ एकीकडे असतो आणि मायरोसिनेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, दुसरीकडे. दाणा शाबूत आहे तोवर दोघांची गाठ पडत नाही. दाणा फुटला, पाणी मिळालं, की विकर सिनिग्रिनला तोडतं आणि त्यातून ॲलिल आयसोथायोसायनेट तयार होतं. (एका दमात म्हणून दाखवा बरं!) हे तेल चटकन हवेत उडतं, म्हणून थेट नाकात शिरतं. झाडाने हा घाट तुमच्या-माझ्यासाठी घातलेला नाही हं. कुरतडायला आलेल्या किड्याला हुसकावायची ती युक्ती आहे. मुळाही मोहरीच्याच कुळातला, म्हणून त्याचा पालाही जरा उग्र.

मग फोडणीतली मोहरी का झोंबत नाही? तापलेल्या तेलात दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होते आणि दाणा तडकतो खरा, पण तेवढ्या उष्णतेने विकर निकामी झालेलं असतं. उकळत्या पाण्यात मोहरी फेसलीत तरी तीच गत. दह्याच्या आंबटपणानेही विकराचं काम मंदावतं. म्हणून मोहरी आधी पाण्यात फेसायची, झणका चढला की मगच दह्यात घालायची. आजीला विकराचं नाव ठाऊक नसेल, पण हा क्रम ती चुकत नाही.

मिरचीची तऱ्हा वेगळी. तिच्यातलं कॅप्सायसिन सहजी हवेत उडत नाही. ते जिभेवरच ठाण मांडतं आणि चटका ओळखणाऱ्या चेतातंतूंना फसवतं. भाजलं नसताना भाजल्यासारखं वाटतं. हा चटका ओळखणारा ग्राही, म्हणजे रिसेप्टर, शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये शोधला. 2021 चं नोबेल ज्युलियस यांना विभागून मिळालं. तिखट लागलं की दही खावं, कारण दुधातलं केसीन हे प्रथिन कॅप्सायसिनला धरून जिभेवरून दूर नेतं.

आता कुणीतरी विचारणारच: मिरची हवेत उडत नाही, तर लालबागच्या मसाला गल्लीत शिंका का येतात? तिथे वाफ नसते, कुटताना उडालेली मिरचीची बारीक पूड असते. उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करून घ्यायला गेलात, तर नाकाला रुमाल लावा. बरीचशी पूड त्यात अडकेल. फेसलेल्या मोहरीपुढे मात्र रुमालाचं काही चालत नाही. तिची वाफ कापडातून आरपार जाते!