पार्ट बदलणारे पुष्कळ, दुरुस्त करणारे थोडे

शेतकरी बंधूंनो, ऐन पेरणीत ट्रॅक्टरचा सेल्फ मारला आणि नुसती टकटक ऐकू आली, तर आजचा तरुण मेकॅनिक काय सांगतो? "बॅटरी गेली, नवी टाका." पुष्कळदा बॅटरी धड असते. टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार चढलेला असतो, नाहीतर अर्थिंगची वायर सैल झालेली असते. गरम पाणी, काचकागद आणि पाना, एवढ्यावर भागतं. पण आधी तपासायचं कोणी?

गावोगावचे मेकॅनिक एकेकाळी मुंबईच्या उपनगरांत घडले. कांदिवलीचं नाव तर तुम्हाला परकं नाही. 1963 साली महिंद्र आणि अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या भागीदारीतून ट्रॅक्टर कंपनी निघाली आणि बी-275 कांदिवलीत बनू लागला. कुर्ल्याला प्रीमियर पद्मिनी तयार व्हायची. अंधेरी, घाटकोपरच्या गॅरेजांत कोकणातली, घाटावरची पोरं पाना धरायला शिकली ती अशा यंत्रांवर. कार्बोरेटर खोलून धुवायचा, पॉइंट घासायचे, फिलर गेजने फट लावायची. पार्ट बदलणं हा शेवटचा इलाज! त्यांतलेच काही गावी परतून फाट्यावर टपरी टाकून बसले.

ऑक्टोबर 2023 मध्ये पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. 2020 पासून नव्या गाड्या बीएस-6 झाल्या. आता पोरगा स्कॅनर लावतो, कोड वाचतो आणि सेन्सर बदलतो. वास्तविक कोड तक्रार कुठल्या सर्किटची ते सांगतो, मोडलं काय ते सांगत नाही. उंदराने कुरतडलेली वायरही तोच कोड दाखवते. तिथे मीटर लावून वायर तपासायला हात आणि डोकं दोन्ही लागतं.

तुम्ही म्हणाल, आमचं काय? तर ट्रॅक्टरचे नवे धूर-नियम 1 जानेवारी 2023 पासून लागू झाले ते 50 एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना. आपल्याकडचे बहुतेक ट्रॅक्टर त्याखालचे, साध्या डिझेल पंपाचे. डिझेलमध्ये हवा धरली तर ब्लीडिंग स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारायचा, काळा धूर दिसला की आधी एअर फिल्टर बघायचा, हे ज्ञान अजून रोज लागतं. मात्र जुनं तेवढं सोनं असंही नाही. चालू इंजिनात नोझलच्या पाइपचा नट सैल करून कुठला सिलिंडर मार खातो ते जुने मिस्त्री ओळखत; कॉमन रेल इंजिनात तसं कधीच करू नये. तिथला दाब हजार बारच्या वर जातो, डिझेल कातडीत घुसतं.

पोरांना नावं ठेवून काय उपयोग? साफसफाई करून इंजिन चालू करून दिलं, तर मजुरी देताना आपण कुरकुरतो. नव्या पार्टचं बिल मात्र निमूट भरतो. मग गॅरेजवाला पोराला खोलायला कशाला शिकवील?

सरपंच मंडळींनी एवढं करावं. गावचा मुलगा आयटीआयला मेकॅनिक डिझेल करत असेल (कोर्स एक वर्षाचा), तर पुढे शिकाऊ उमेदवारीला जिथे इंजिन खरोखर उघडलं जातं अशी जागा त्याला बघून द्यावी. आणि बंधूंनो, बिलात मजुरी व पार्ट वेगळे लिहून घ्या, काढलेला पार्ट मागून घ्या, आणि तो खराब आहे हे कसं तपासलं ते पोराला तिथल्या तिथे करून दाखवायला सांगा.