मेंदूतली टेलची चारी

माजलगावचे धरण भरले, तरी आमच्या बीड जिल्ह्यातल्या टेलच्या शेतकऱ्याचा प्रश्न एकच असतो : माझ्या चारीला पाणी किती आले? मेंदूच्या बाबतीतही मला हाच प्रश्न खरा वाटतो. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्या सहज तपासता येतात. पण मेंदूत खोलवर शिरणाऱ्या, मिलिमीटरहूनही बारीक वाहिन्यांतला प्रवाह मोजायचा कसा?

उत्तर मिळाले ते चुंबकाकडून. रुग्णालयांतली एमआरआय यंत्रे बहुधा दीड किंवा ३ टेस्लाची असतात. ७ टेस्लाच्या यंत्राचे चुंबकत्व पृथ्वीच्या लाखपटीहून अधिक. त्यात वाहत्या रक्ताकडून येणारी लहर स्थिर पेशींकडून येणाऱ्या लहरीपेक्षा थोडी मागेपुढे सरकते आणि त्या फरकावरून वेग कळतो. २०१६ साली नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या संशोधकांनी तो मोजला. मेंदूच्या गाभ्यात तो सेकंदाला सुमारे ४ ते ५ सेंटिमीटर भरला, तर वरच्या पांढऱ्या भागात १ सेंटिमीटरहूनही कमी!

याचे आपल्याला काय? वाढलेल्या रक्तदाबाने याच वाहिन्या कडक होतात, बुजतात. मग चाल अडखळते, विसर पडतो, कधी अर्धांगवायू होतो. आपण मात्र ‘वय झाले’ म्हणून सोडून देतो.

असली यंत्रे आपल्यापासून फार दूर आहेत. रक्तदाब मोजण्याचा पट्टा मात्र अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयातच काय, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही असतो. पाण्याच्या पाळीसाठी रात्र जागवणाऱ्या माणसाने तिथे पाच मिनिटे जरूर बसावे. चारीच बुजली, तर भरलेल्या धरणाचा उपयोग काय?