चाल उसनी, भाव आपला

पर्युषणातील भगवान महावीरांच्या जन्मवाचनाचा दिवस. चौदा स्वप्ने एकामागून एक उतरतात, चढाव्याच्या बोलींनी सभामंडप गजबजतो आणि शेवटी पाळणा झुलू लागतो. ज्यांच्या पेढ्या आणि दुकाने कोल्हापूरच्या गुजरीत, लक्ष्मीपुरीत वा शाहूपुरीत आहेत, अशा घरांतील वडीलधाऱ्या स्त्रिया या क्षणाची वर्षभर वाट पाहतात, कारण हालरडे गाण्याचा मान त्यांचा. अलीकडे मात्र पुष्कळदा असे घडते की, ध्वनिक्षेपकासमोरचा गायक एखाद्या गाजलेल्या चित्रपटगीताच्या चालीवर पाळणा सुरू करतो. तरुण मंडळी टाळ्यांनी ठेका धरतात आणि आजीबाईंचे ओठ मिटतात. शब्द ओळखीचे असतात, चाल ओळखीची नसते. दिगंबर समाजाच्या पंचकल्याणक महोत्सवात जन्मकल्याणकाच्या दिवशीही हेच दृश्य दिसते.

मग घरोघरी वाद रंगतो. “सिनेमाची चाल मंदिरात शोभते का?” असे वडील मंडळी विचारतात. “डोळे मिटले की मूर्ती दिसायला हवी, पडद्यावरचा नाच नव्हे,” असे त्यांचे म्हणणे. “चाल ओळखीची असते म्हणून तर आम्ही गातो,” असे तरुणांचे उत्तर. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मात्र हा वाद नवा आहे, ही समजूत चुकीची होय.

पोथीतील ‘देशी’

घरातील जुने स्तवनसंग्रह उघडून पाहावेत. पुष्कळशा स्तवनांच्या माथ्यावर ‘राग’ किंवा ‘देशी’ असा शब्द आणि त्यापुढे भलत्याच एखाद्या गीताची पहिली ओळ छापलेली आढळते. ‘देशी’ म्हणजे लोकांच्या ओठांवर आधीच रुळलेली चाल. ‘हे स्तवन अमुक गीताच्या चालीवर म्हणावे,’ एवढीच ती सूचना. ते गीत कधी दुसरे स्तवन असे. पण कित्येकदा ते लग्नातले, गरब्यातले, विरहिणीचे किंवा माहेरची आठवण काढणाऱ्या सुनेचे असे.

सतराव्या शतकातील खरतरगच्छीय कवी समयसुंदर यांनी अशा देशींचा मुक्त हस्ताने वापर केला. त्यांच्या गीतांची तुलना राणा कुंभाने बांधलेल्या भिंतींशी करणारी म्हण राजस्थान-गुजरातेत रूढ आहे. दोन्हींची गणती करणे अवघड, असा तिचा आशय. पुढे एकोणिसाव्या शतकात अहमदाबादचे पंडित वीरविजय यांनी रचलेल्या स्नात्रपूजेतही वेगवेगळ्या चालींच्या ढाळा एकत्र गुंफलेल्या आहेत, आणि ती पूजा आजही मंदिरांतून म्हटली जाते. या सर्व चालींचा हिशेब मांडला तो मोहनलाल दलीचंद देसाई (१८८५–१९४५) यांनी. ‘जैन गुर्जर कविओ’ या ग्रंथमालेत त्यांनी दोन हजारांहून अधिक देशींची सूची दिली. व्यापारी घराण्याने जुनी खाती उतरवून काढावीत, तसे हे काम. त्या सूचीतील कितीतरी मूळ गीते आज कोणालाही येत नाहीत. स्तवनाच्या माथ्यावरच्या एका ओळीपुरतीच ती उरली आहेत.

साधू-कवींनी संसारी गीतांच्या चाली का घेतल्या असतील? कारण साधे होते. विहार करीत एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जाणाऱ्या साधूकडे चाल शिकवीत बसण्यास सवड नव्हती. गावाच्या तोंडी असलेली चाल घेतली की पहिल्याच दिवशी सारा संघ गाऊ लागे. चाल लोकांची आणि अर्थ धर्माचा, अशी ही योजना होती.

मराठी मुलखात हेच निराळ्या रूपाने घडले. गुणदास, गुणकीर्ती यांच्यासारख्या जुन्या मराठी जैन ग्रंथकारांनी जनभाषेला जवळ केले. श्रेणिक राजाची कथा ओवीत आली, आणि कवींद्रसेवकांनी तर जैन विचार अभंगांतून मांडला. ओवी जात्यावरची, अभंग वारकऱ्यांचा. तीर्थंकरांचा पाळणा म्हणणाऱ्या स्त्रिया ज्या चालीवर तो म्हणत, तीच चाल शेजारच्या घरातील बारशात ऐकू येई, आणि त्याबद्दल कोणी नाक मुरडत नसे.

शास्त्रकारांनाही संगीताचे वावडे नव्हते. आचार्य जिनसेनांच्या ‘हरिवंशपुराणा’त (इ. स. ७८३) वसुदेव वीणावादनाच्या स्पर्धेत गंधर्वदत्तेला जिंकतो आणि त्या निमित्ताने स्वर, ग्राम, मूर्च्छना यांचे विवेचन येते. पार्श्वदेव या जैन पंडिताचा ‘संगीतसमयसार’ हा ग्रंथ भारतीय संगीतशास्त्राच्या अभ्यासकांना आजही पाहावा लागतो.

कोल्हापूरची हवा

कोल्हापुरात तर चालींची ही देवघेव अधिकच सहज होती. राजर्षी शाहू महाराजांच्या दरबारी उस्ताद अल्लादिया खाँसाहेब (१८५५–१९४६) होते. येथेच जन्मलेल्या केशवराव भोसले यांनी संगीत रंगभूमी गाजविली. कोल्हापूरच्याच मातीत वाढलेल्या गोविंदराव टेंबे यांनी १९११ च्या ‘मानापमान’ नाटकाला चाली दिल्या, तेव्हा मैफलींतील ठुमरी-कजरीचा ढंग नाट्यपदांत उतरला. त्याआधी अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतला’साठी (१८८०) साकी, दिंडी अशा कीर्तनातील चालींचा आधार घेतला होता. म्हणजे कीर्तनाची चाल नाटकात गेली, मैफलीची चालही नाटकात आली, आणि नाट्यपदांच्या चाली पुन्हा भजनी मंडळांत शिरल्या. नाटकाच्या छापील पुस्तकांतही पदावर ‘चाल’ अशी सूचना असे, अगदी स्तवनावरील ‘देशी’सारखी.

१९२९ मध्ये कोल्हापुरात ‘प्रभात’ची स्थापना झाली. १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट याच नगरीत तयार झाला आणि त्याचे संगीतही टेंबे यांचेच. पुढे पुण्यात गेलेल्या ‘प्रभात’ने १९३६ मध्ये ‘संत तुकाराम’ काढला. त्यासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलेले एक पद इतके एकरूप झाले की, अनेकांनी ते खुद्द तुकोबांचेच मानले. चित्रपटाचे गीत भजनात सामावल्याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

अशी उदाहरणे अन्यत्रही आहेत. कर्नाटक संगीतातील थोर रचनाकार मुथुस्वामी दीक्षितर यांनी इंग्रजी बँडच्या धुनांवर संस्कृत स्तुतिपदे रचली. त्यांत ब्रिटिश राष्ट्रगीताची धूनही आहे. जर्मनीत हान्स लिओ हास्लर याने १६०१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रेमगीताची चाल काही वर्षांतच चर्चच्या प्रार्थनेला लागली, आणि पुढे बाखने ती ‘सेंट मॅथ्यू पॅशन’मध्ये वारंवार योजली. आज ती चाल ऐकताना मूळ प्रेमगीत फारसे कोणाला आठवत नाही.

मग बिघडते कोठे?

तेव्हा चाल कोठून आली, एवढ्यावरून निर्णय करता येत नाही. तपासून पाहण्याजोग्या गोष्टी तीन आहेत.

पहिली शब्दांची. भक्तामर स्तोत्राचे श्लोक दिगंबर परंपरेत ४८, श्वेतांबर परंपरेत ४४; वृत्त वसंततिलका, प्रत्येक चरणात चौदा अक्षरे. वृत्त लघु-गुरूंचा क्रम ठरविते, स्वर ठरवीत नाही. म्हणूनच हे स्तोत्र गावोगावी निरनिराळ्या चालींत म्हटले जाते आणि तरीही शुद्ध राहते. पण तालाच्या हट्टापायी दीर्घ अक्षर ऱ्हस्व झाले आणि जोडाक्षर गिळले गेले, तर अर्थालाच धक्का बसतो. अशा ठिकाणी चाल सोडावी, शब्द सोडू नयेत.

दुसरी गोष्ट आठवणीची. ज्या गीताचे मूळ शब्द आणि दृश्ये अजून सर्वांच्या मनात ताजी आहेत, त्याची चाल घेतली तर स्तवन चालू असताना मनात दुसरेच गीत वाजत राहते. जुन्या देशींना हा दोष लागत नाही, कारण मूळ गीत विरून गेले आणि चाल स्तवनाचीच झाली. त्याला काळ लागला. दर पर्युषणात नवी चाल आणली, तर तेवढा काळ कोणत्याच चालीला मिळत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: गाते कोण? देशीचा हेतू सर्वांनी गावे हा होता. आज गायक व्यावसायिक असतो, सूर त्याच्या गळ्याला सोयीचा असतो आणि वाद्यवृंदाचा आवाज मंडपाबाहेर जातो. संघ श्रोता होतो. फार तर टाळ्या वाजवितो. हे शास्त्रीय रागातील सुंदर बंदिशीनेही घडू शकते, आणि उलट एखादी सोपी चित्रपटचाल शंभर मुखे उघडू शकते. आजीबाईंचे ओठ मिटले, हे खरे नुकसान होय. चाल चित्रपटातली होती की नाटकातली, हा प्रश्न त्यानंतरचा.

हिशेब ठेवावा असा

या नुकसानीची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. हालरडे, भूपाळ्या, विनंत्या, सज्झाय यांचे शब्द पुस्तकांत आहेत. चाली मात्र केवळ गळ्यांत आहेत. जुन्या संग्रहांत मूळ गीताची ओळ दिली म्हणून चाल टिकली असे झाले नाही. देसाईंची सूचीच त्याची साक्ष देते. आज ‘चाल: अमुक चित्रपटगीत’ असे छापणाऱ्या पुस्तिकांचेही पन्नास वर्षांनी तेच होईल. पंडित विष्णू नारायण भातखंडे यांनी घराण्यांत बंदिस्त असलेल्या चिजा स्वरलिपीत उतरवून सहा भागांच्या क्रमिक पुस्तकमालिकेत प्रसिद्ध केल्या, म्हणून त्या सर्वांच्या झाल्या. स्तवनांच्या चालींसाठीही हाच मार्ग आहे.

ज्यांना नव्या ध्वनिफिती काढायच्या किंवा चित्रफिती प्रसारित करायच्या आहेत, त्यांनी व्यवहाराची बाजूही पाहावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात प्रामाणिक धार्मिक विधीतील गायनाला सवलत आहे. विक्रीसाठी वा प्रसारासाठी केलेल्या ध्वनिमुद्रणाला ती आपोआप लागू होते, असे मानू नये. संगीतकाराच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर ६० वर्षे चालीवर हक्क असतो. परवानगी न घेता दुसऱ्याचा माल विकणे कोणत्याही पेढीला शोभणारे नाही.

घरात मात्र परवानगी लागते ती फक्त आजीची. चातुर्मासातील एखाद्या दुपारी दुकानाला जेवणाची सुट्टी असताना नातवाने भ्रमणध्वनी समोर ठेवावा आणि तिला गाऊ द्यावे. वाद्य नको, ठेका नको. स्तवनाचे नाव, ते कोणाकडून शिकली, कोणत्या गावी आणि कोणत्या प्रसंगी म्हणत असत, एवढे चार तपशील वहीत लिहावेत. हार्मोनियम जाणणाऱ्या कोणाकडून सवडीने स्वर उतरवून घ्यावेत. अशा शंभर घरांच्या वह्या संघाच्या ग्रंथालयात जमा झाल्या, तर तो कोल्हापूरचा स्वतःचा देशीसंग्रह होईल. आणि पुढच्या जन्मवाचनाला पाळण्याची पहिली दोन कडवी ध्वनिक्षेपकावाचून, जुन्या चालीत, घरच्या स्त्रियांनी म्हणावीत. गायकाने त्यानंतर सुरुवात करावी. तरुणांच्या टाळ्या तेव्हाही पडतील, आणि एकदोन वर्षांत ती चाल त्यांच्याही ओठांवर येईल.