कॉन्फेडरेट हंगामी टपाल तिकिटे

अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या (१८६१–६५) प्रारंभी, संघराज्यातून फुटून निघालेल्या दक्षिणेकडील राज्यांत मध्यवर्ती टपालखात्याची तिकिटे उपलब्ध होईपर्यंत, ठिकठिकाणच्या पोस्टमास्तरांनी स्वतःच्या जबाबदारीवर तयार करून विकलेली टपाल तिकिटे व ठसा मारलेली पाकिटे. त्यांना 'पोस्टमास्तरांची हंगामी तिकिटे' असेही म्हणतात. यांपैकी काही तिकिटे संग्राहकांना सहज मिळू शकतात, तर काहींचा जगात एकच नमुना ज्ञात आहे. तिकिटसंग्रहाच्या इतर बहुतेक शाखांत सुटे, स्वच्छ तिकीट हे संग्रहाचे उद्दिष्ट असते. या शाखेत मात्र ज्या पाकिटावर तिकीट चिकटविले गेले ते पाकीट हाच मुख्य पुरावा होय. पाकिटापासून वेगळे झालेल्या तिकिटाविषयी बरेचसे तर्कानेच ठरवावे लागते.

गुलामगिरीची प्रथा टिकवून धरण्याच्या हेतूने फुटलेल्या राज्यांनी फेब्रुवारी १८६१ मध्ये माँटगोमेरी (ॲलाबॅमा) येथे कॉन्फेडरेट राज्यांचा संघ स्थापन केला. मार्चमध्ये टेक्सासचे जॉन एच्. रीगन यांची पोस्टमास्तर जनरल म्हणून नियुक्ती झाली. टपालखात्याने १ मार्च १८६३ नंतर आपला खर्च स्वतःच्या उत्पन्नातूनच भागवावा, असे बंधन नव्या संविधानात घालण्यात आले होते. तोपर्यंत एक चमत्कारिक परिस्थिती होती: राज्ये फुटली असली, तरी त्यांतील टपाल ३१ मे १८६१ पर्यंत वॉशिंग्टनचे खातेच चालवीत होते आणि पत्रांवर अमेरिकेचीच तिकिटे लागत होती. १ जूनपासून रीगन यांच्या खात्याने कारभार हाती घेतला. जुनी तिकिटे वॉशिंग्टनला परत करून हिशेब पुरे करण्याची सूचना पोस्टमास्तरांना देण्यात आली. अमेरिकन सरकारनेही ऑगस्ट १८६१ पासून नवी तिकिटे काढून जुनी टप्प्याटप्प्याने रद्द केली, त्यामुळे दक्षिणेत उरलेला साठा निरुपयोगी झाला.

नव्या खात्याचे दर ठरले होते. अर्ध्या औंसाच्या पत्रास ५०० मैलांपर्यंत ५ सेंट, त्यापलीकडे १० सेंट आणि त्याच कार्यालयातून वाटावयाच्या स्थानिक पत्रास २ सेंट असे ते होते. दर होते, पण तिकिटे नव्हती. दक्षिणेत कोरीव कामाचे कसबी कारागीर व चांगला कागद यांची टंचाई असल्याने जेफर्सन डेव्हिस यांचे चित्र असलेले ५ सेंटचे पहिले सर्वसाधारण तिकीट रिचमंड येथील हॉयर अँड लुडविग या छापखान्यातून शिळाछापावर निघेपर्यंत ऑक्टोबर १८६१ उजाडला. मधल्या साडेचार महिन्यांत बहुतेक पोस्टमास्तरांनी जुना मार्ग धरला. पत्र आणणाऱ्याकडून रोख पैसे घ्यावयाचे आणि पाकिटावर 'पेड' व आकडा यांचा शिक्का मारावयाचा किंवा तो मजकूर हाताने लिहावयाचा. परंतु याला मर्यादा होत्या. सुट्या नाण्यांची चणचण वाढत चालली होती. प्रत्येक पत्रासाठी ग्राहकाला खिडकीशी यावे लागे आणि कार्यालय बंद असताना पत्र टाकता येत नसे. गर्दीच्या कार्यालयांना हे परवडण्यासारखे नव्हते. या अडचणीतून काही पोस्टमास्तरांनी पाकिटांवर आगाऊ ठसे मारून ती विकावयास ठेवली, तर काहींनी स्थानिक छापखान्यातून चिकटवावयाची तिकिटेच छापून घेतली. अशी चिकटतिकिटे काढणारी गावे चाळीसच्या आसपास आहेत. आगाऊ ठसा मारलेली पाकिटे काढणाऱ्या गावांची संख्या याहून मोठी आहे.

ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. अमेरिकेतच १८४५ मध्ये एकसमान टपालदर लागू झाले, पण सरकारी तिकिटे १८४७ मध्ये निघाली. त्या दोन वर्षांत न्यूयॉर्क, सेंट लुइस इ. ठिकाणच्या पोस्टमास्तरांनी स्वतःची तिकिटे काढली होती. भारतीय संग्राहकाला या संदर्भात सिंद डाक तिकिटांची (१८५२) आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु ती तिकिटे तत्कालीन मुंबई इलाख्यातील सिंध प्रांताच्या कमिशनरने प्रांतभर चालावीत म्हणून काढली होती. कॉन्फेडरेट हंगामी तिकिटाची हमी एका पोस्टमास्तरापुरतीच असे आणि दुसऱ्या गावाच्या कार्यालयावर ते मान्य करण्याचे बंधन नसे. त्यामुळेच कित्येक तिकिटांवर गावाच्या नावाबरोबर पोस्टमास्तराचे नावही छापलेले दिसते.

तिकिटांच्या घडणीत स्थानिक साधनांची विविधता स्पष्ट उमटली आहे. न्यू ऑर्लीअन्सचे पोस्टमास्तर जॉन एल्. रिडेल हे वैद्यक व रसायनशास्त्र जाणणारे विद्वान होते. द्विनेत्री सूक्ष्मदर्शकाच्या प्रारंभीच्या रचनाकारांत त्यांची गणना होते. त्यांनी २ व ५ सेंटची तिकिटे काढली व त्यांवर आपले नाव घातले. शहर मोठे असल्याने ती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली व आज तुलनेने सुलभ आहेत. मेंफिस व मोबील येथील तिकिटांबाबतही असेच म्हणता येईल. नॅशव्हिल येथे पोस्टमास्तर मॅकनिश यांनी अमेरिकेचा जुना ३ सेंटचा दर गृहीत धरून तिकीट तयार करविले; प्रत्यक्षात दर ५ सेंटचा झाल्याने ते वापरातच आले नाही. पीटर्झबर्ग (व्हर्जिनिया) येथील ५ सेंटचे लाल तिकीट खिळे जुळवून छापलेले असून जुळणीत दहा तिकिटे होती. खिळे व शोभेच्या कडा हाताने बसविल्यामुळे दहाही तिकिटांत बारीक फरक राहिले आणि सुटे तिकीट जुळणीतील कोणत्या जागेचे, हे अभ्यासकाला आज सांगता येते. बॅटन रूझ (लुइझिॲना) येथे पोस्टमास्तर मॅककॉर्मिक यांच्या नावातील एका 'ओ'च्या जागी 'सी'चा खिळा बसला आणि चुकीचे तिकीट बरोबर तिकिटापेक्षा मोलाचे ठरले. अथेन्स (जॉर्जिया) येथे दोन लाकडी ठसे शेजारी ठेवून छपाई होई; त्यांतून एकमेकांस उलट्या लागलेल्या तिकिटांच्या जोड्याही निघाल्या. एमरी (व्हर्जिनिया) येथील पोस्टमास्तराची युक्ती विशेष उल्लेखनीय आहे. अमेरिकेच्या जुन्या तिकिटांच्या तावांच्या डिंक लावलेल्या व छिद्रे पाडलेल्या कोऱ्या कडा कापून त्याने त्यांवर 'पेड ५' असा ठसा मारला. ज्या सरकारची तिकिटे बाद झाली, त्याच्याच तावाची कड अशा रीतीने उपयोगी पडली. लुइझिॲनातील माउंट लेबनन या खेड्याचे तिकीट तर कारागिराने लाकडावर अक्षरे सरळ कोरल्यामुळे आरशातील प्रतिमेप्रमाणे उलटे उमटले. त्याचा पाकिटावरील एकच नमुना ज्ञात आहे. लिव्हिंग्स्टन (ॲलाबॅमा) येथील निळ्या तिकिटाची पाकिटावरील एकमेव जोडी या शाखेतील श्रेष्ठ वस्तूंत गणली जाते.

संग्राहकापुढील खरा प्रश्न ठसा मारलेल्या पाकिटांचा आहे. 'पेड ५' असा शिक्का पत्र खिडकीशी आल्यावर रोख पैसे घेऊन मारला असेल, तर ती केवळ टपालखर्च भरल्याची खूण होय. तोच शिक्का कोऱ्या पाकिटावर आगाऊ मारून पाकीट विकले असेल, तर ते हंगामी तिकीट ठरते. शिक्का एकच, शाई एकच. किमतीत मात्र कधीकधी शेकडो पटींचे अंतर पडते. निर्णय पाकिटावरील बारीक पुराव्यांवर अवलंबून असतो. पत्ता ठशाच्या शाईवरून लिहिला गेला आहे काय, ठसा व तारखेचा शिक्का वेगळ्या शाईचे आहेत काय, बनावट टाळण्यासाठी पोस्टमास्तराने सही किंवा एखादी खासगी खूण केली आहे काय, हे पाहावे लागते. ठसा एका गावाचा आणि रवानगीचा शिक्का दुसऱ्या गावाचा असेल, किंवा ठशावरच पुढे सर्वसाधारण तिकीट चिकटविलेले असेल, तर पाकीट कोरे असतानाच विकले गेले होते, हे जवळजवळ सिद्ध होते. असा पुरावा नसताना केवळ विक्रेत्याच्या सांगण्यावरून पाकिटाला हंगामी म्हणणे हा या क्षेत्रातील जुना दोष आहे.

एकोणिसाव्या शतकातील संग्राहकांनी या दृष्टीने मोठी हानी केली. तत्कालीन संग्रहवह्यांत सुट्या तिकिटांपुरतीच जागा असे. त्यामुळे जुन्या पत्रांवरून तिकिटे कापून किंवा भिजवून काढली गेली व पाकिटे टाकून देण्यात आली. तारीख, मार्ग, दर आणि पत्र पाठविणारा यांची माहिती त्यांबरोबर गेली. उरलेली पाकिटे मुख्यतः जमीनदार, वकील व व्यापारी घराण्यांच्या दप्तरांतून बाहेर आली. गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्या दलालांच्या नावची पाकिटेही त्यांत आहेत. ती संग्रहात ठेवणाऱ्याने त्यांवरील नावाकडेही पाहिले पाहिजे, कारण टपालाच्या इतिहासाइतकाच तो त्या व्यापाराचा दस्तऐवज आहे. पुढे कागद दुर्मिळ झाल्यावर भिंतीचा कागद, हिशेबवह्यांची पाने यांची पाकिटे होऊ लागली. वापरलेले पाकीट उलटून पुन्हा वापरण्याचा प्रघातही पडला.

फिलिप फॉन फेरारी यांच्या संग्रहात या तिकिटांचे अनेक दुर्मिळ नमुने होते. पहिल्या महायुद्धानंतर फ्रेंच सरकारने तो संग्रह शत्रूची मालमत्ता म्हणून जप्त करून १९२१ पासून पॅरिसमध्ये लिलावात काढला व त्यातील बरेच नमुने आर्थर हाइंड इत्यादी अमेरिकन संग्राहकांकडे परतले. ॲल्फ्रेड कॅस्परी (मृत्यू १९५५) यांचा संग्रहही असाच ख्यातनाम होता. शास्त्रीय अभ्यासाचा पाया मात्र रिचमंडचे मुद्रक ऑगस्ट डीट्झ (१८६९–१९६३) यांनी घातला. छापखान्याचा प्रत्यक्ष अनुभव असल्याने खिळे, ठसे व साचे यांच्या खुणा ते ओळखू शकत. कॉन्फेडरेट टपालसेवेवरील त्यांचा बृहद्‌ग्रंथ १९२९ मध्ये प्रसिद्ध झाला.

साधी छपाई असलेली ही तिकिटे नकलांना सोपी असल्याने बनावट मालाचा सुळसुळाट फार जुना आहे. बॉस्टनच्या एस्. ॲलन टेलर याने एकोणिसाव्या शतकातच, कधीही अस्तित्वात नसलेली कॉन्फेडरेट तिकिटे रचून विकली. १९३०–४० च्या दशकात स्प्रिंगफील्ड (मॅसॅचूसेट्स) येथून नकलांचे संच उघडपणे स्वस्तात विकले गेले. ते आजही जुन्या पेट्यांतून अस्सल म्हणून बाहेर येतात. यांहून घातक प्रकार म्हणजे खऱ्या 'पेड' पाकिटावर दुसरीकडचे अस्सल पण सुटे तिकीट चिकटवून त्यावर शिक्क्याची रेघ ओढणे. यात कागद, पाकीट व तिकीट तिन्ही खरी असतात. खोटा असतो तो फक्त त्यांचा संबंध. अतिनील प्रकाश व सूक्ष्मदर्शक यांच्या साहाय्याने शिक्क्याची शाई तिकिटावरून पाकिटावर अखंड गेली आहे की नाही, जुन्या डिंकाखाली शाईचा अंश आहे काय, हे तपासतात. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या 'कॉन्फेडरेट स्टॅम्प अलायन्स' (आताची 'सिव्हिल वॉर फिलाटेलिक सोसायटी') या संस्थेची तज्ञसमिती अशी तपासणी करून प्रमाणपत्र देते. जुनी प्रमाणपत्रे नव्या तपासणीत फिरविली गेल्याची उदाहरणे असल्याने मोठ्या खरेदीपूर्वी प्रमाणपत्राची तारीखही पाहिली जाते.