लक्षद्वीपला जाताना

विटा परिसरातील गलाई व्यवसायाची अनेक कुटुंबे केरळात स्थिरावली आहेत. त्यांच्या भेटीस जाणाऱ्यांना कोचीहून लक्षद्वीपचे जहाज मिळते. प्रवेश परवाना मात्र आधीच काढावा लागतो. येथील ३६ बेटांपैकी वस्ती केवळ १० बेटांवर आहे, आणि ही भूमी प्रवाळांनीच घडविली आहे. बेटवासी कोळी कुपा (ट्यूना) गळाने धरतात. त्यासाठी लागणारी इवलीशी जिवंत मासळी प्रवाळांच्या आश्रयानेच वाढते. १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली समुद्र तापून पुष्कळ प्रवाळ पांढरे पडले. म्हणून हौसेने पाण्यात उतरणाऱ्यांनी त्यांवर पाय ठेवू नये. (अंगठीतले पोवळे निराळ्या जातीचे.) आठवण म्हणून तुकडा आणणे तर वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हाच आहे.